जसं आहे, जिथं आहे

फंडाचे पैसे मिळालेत? बँकेत नुसते पडून आहेत आणि बघवत नाहीत? मग मुदत ठेवीबिवीच्या नादी लागू नका. बँकेच्या लिलावातला एखादा प्लॉट उचला, त्यावर पत्र्याचा कंटेनर ठेवा, दारात दोन वेताच्या खुर्च्या टाका, वर दिव्यांची माळ सोडा आणि शनिवार-रविवार भाड्यानं द्या. मी हेच केलं. गेल्या मंगळवारी माझं ते ‘वीकेंड होम’ मुरबाडच्या पुढं एका बांधापाशी ट्रेलरवर तीन तास उभं राहिलं आणि आलं तसं भिवंडीला परत गेलं. ट्रेलरचं भाडं जातानाचं वेगळं, येतानाचं वेगळं. हायड्रा क्रेनवाल्यानं काही उचललं नाही, पण उभं राहण्याचे पूर्ण पैसे घेतले. तेव्हा सल्ला देण्याचा माझा अधिकार पैसे भरून मिळवलेला आहे.

सुरुवात मॉर्निंग वॉकपासून करावी. तिथं एक काका असतातच. त्यांनी स्वतः कधी काही घेतलेलं नसतं, पण त्यांच्या साडूनं २०१२ साली घेतलेल्या प्लॉटचे आज किती झाले हे त्यांना तोंडपाठ असतं. त्या साडूला प्रत्यक्ष भेटण्याचा आग्रह धरू नये.

मग पेपरातली लिलावाची नोटीस. कायद्यानं ती मराठी पेपरातही छापावी लागते म्हणून छापतात. वाचता यावी अशी काही अट दिसत नाही. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात एक ओळ असते: ‘जसे आहे जेथे आहे, जसे आहे जे आहे आणि तेथे जे काही आहे या तत्त्वावर’. मला आधी वाटलं, कुठल्यातरी उपनिषदाचं भाषांतर आहे. तुम्ही त्या ओळीवरून नजर फिरवा आणि थेट राखीव किमतीवर या. माझ्या प्लॉटची होती अठरा लाख. पाच गुंठे. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, पाचाचे झाले ५,४४५. मी बोली लावली १८,२५,०००, म्हणजे चौरस फुटाला ३३५ रुपये. डोंबिवलीत या भावात फार तर बाथरूमच्या फरश्या बसतात. तेहतीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय मी. भागाकार अचूक होता.

जमीन बघायला जाऊ नका. ऊन असतं.

लिलाव ऑनलाइन असतो, मोठी मजा येते. राखीव किमतीच्या दहा टक्के अनामत आधी भरायची, मग घड्याळ उलटं चालू होतं आणि शेवटच्या पाच मिनिटांत कुणी बोली लावली की वेळ वाढते. माझ्या वेळी वाढली नाही. मी एकटीच होते. आमचे हे म्हणाले, नशीब काढलंस! वर्गात अवघड प्रश्न विचारल्यावर एकच हात वर आला, तर तो हात बहुधा कुणाचा असतो हे मला माहीत असायला हवं होतं. पण आपण जिंकलो की आपल्याला काहीच आठवत नाही. पेढे वाटले मी. सोसायटीच्या वॉचमनलासुद्धा.

सातबाऱ्याचं म्हणाल, तर त्यात पडू नका. काकांचं म्हणणं असं की, बँकांच्या कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्याच्या कलम ३१ मुळे शेतजमीन बँकेला अशी विकताच येत नाही. म्हणजे बँक विकतेय त्याअर्थी प्लॉट एनए, आणि एनए म्हणजे सेफ. वा! एनए म्हणजे जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरायची परवानगी, एवढंच. तिथपर्यंत जाता येतं, असं त्यात कुठंही लिहिलेलं नसतं. तरीही हौस असेलच तर ‘इतर हक्क’ हा रकाना बघा, जमीन विकायला सरकारची परवानगी न लागणारी वर्ग एक की लागणारी वर्ग दोन ते बघा, मालकी कशी बदलत आली ते सांगणारे फेरफार काढा, आणि भूमी अभिलेखच्या नकाशात तुमच्या गटाला रस्ता टेकतो का ते बघा. सातबारा-फेरफाराची कामं तलाठ्याकडे. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, नाव मोठं झालंय. ऑफिसला कुलूप मात्र तेवढंच आहे.

आता पैसे. निकाल लागल्यावर पंचवीस टक्के त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या कामाच्या दिवशी. अनामत वजा जाता माझे २,७६,२५० निघाले. उरलेले १३,६८,७५० पंधरा दिवसांत. मी म्हटलं, थोडं कर्ज काढू. कुणाकडून काढावं? अर्थात ज्या बँकेनं प्लॉट विकला तिच्याकडून. घरची बँक, प्लॉट त्यांच्या ओळखीचा, कागदपत्रं त्यांच्याच कपाटात. काउंटरवरची मुलगी गोड होती. तिनं फाइल उघडली, दोन पानं उलटली आणि म्हणाली, “मॅडम, या प्रॉपर्टीवर आम्ही लोन नाही करू शकत. फिजिकल पझेशन नाहीये ना.” मी म्हटलं, अगं, तुम्हीच विकलीय. ती म्हणाली, “हो, पण ते रिकव्हरी डिपार्टमेंट. आम्ही रिटेल.” रिकव्हरी तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. वरचा साहेब म्हणाला, “आमच्याकडे सांकेतिक ताबा आहे, मॅडम.” सांकेतिक! लग्नात नवरदेवाऐवजी तलवारीशी मुलगी लावायचे पूर्वी, तसं काहीतरी. म्हणजे बँकेचा माणूस कधीतरी तिथं गेला, कुंपणाच्या खांबाला कागद चिकटवला, मोबाइलवर फोटो काढला आणि संध्याकाळच्या आत घरी आला. झाला ताबा. खराखुरा ताबा हवा असेल तर बँकेनं त्याच सरफेसी कायद्याच्या कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा असतो. त्यावर तीस दिवसांत, फार तर साठ दिवसांत आदेश व्हावा असं कायदा म्हणतो. मी विचारलं, अर्ज कधी केलात? साहेब म्हणाला, “प्रोसेसमध्ये आहे.” प्रोसेस म्हणजे नेमकं कुठं, कुठल्या टेबलावर? त्यावर त्यानं समोरचा कागद उलटा करून त्या मुंगीच्या ओळीवर बोट ठेवलं. जसे आहे. जेथे आहे.

बरं, मागं फिरायचं म्हटलं तर? पंचवीस टक्के गेले. सर्वोच्च न्यायालयानं २०२४ सालीच सांगून ठेवलंय की खरेदीदारानं उरलेली रक्कम भरली नाही तर बँक ते सगळे ठेवून घेऊ शकते, तेवढं नुकसान झालेलं असो वा नसो. तेव्हा मी दोन ठेवी मोडल्या, पाटल्या सराफाकडे ठेवल्या आणि पंधराव्या दिवशी साडेतीन वाजता पैसे भरले. साहेबानं उठून हस्तांदोलन केलं. विक्रीचा दाखला पिवळ्या पाकिटात घालून दिला. ज्या जमिनीवर स्वतः एक रुपया कर्ज द्यायला तयार नाहीत, ती मला सव्वाअठरा लाखांना विकल्याबद्दल माझंच अभिनंदन! आणि याच जमिनीवर यांनीच काही वर्षांपूर्वी दुसऱ्याला कर्ज दिलं होतं. तेव्हा मूल्यांकनाचा अहवाल झाला होता. त्यात फोटो आहे, मी पाहिलाय: हिरवंगार रान, मध्ये आंब्याचं डेरेदार झाड. माझ्या प्लॉटवर आंबा नाही. आंबा शेजारच्या गटात आहे.

कंटेनर मात्र लगेच बुक करा, कारण सूट महिनाअखेरीपर्यंतच असते. वीस फुटी घ्या. आठ फूट रुंद, म्हणजे बाहेरून मोजलं तर १६० चौरस फूट. यूट्यूबवर त्यात किचन, बेडरूम, संडास आणि पुस्तकांचं कपाट मावतं, कारण कॅमेरा कोपऱ्यात ठेवतात. एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता पत्रा किती तापतो हे व्हिडिओत येत नाही. उकाडा अडवायला ‘पफ पॅनल टाकून देतो’ म्हणतात, त्याचे पैसे वेगळे. कोकणात ठेवणार असाल तर गंजाला स्वतंत्र खोली लागेल. वीज कुठून आणणार, संडासाचं पाणी कुठं सोडणार, असले क्षुद्र प्रश्न विचारून फॅब्रिकेटरचा उत्साह घालवू नका.

‘चाकांवर घर असलं की परवानगी लागत नाही’ हेही काकांचंच. चाकं असली की आरटीओ विचारतो, नसली की ग्रामपंचायत विचारते. राज्याच्या पर्यटन खात्यानं २०२१ साली कॅराव्हॅनचं धोरण आणलं, ते फिरणाऱ्या गाड्यांसाठी आणि त्यांच्या पार्कांसाठी. मुरबाडला विटांवर टेकवलेल्या डब्यासाठी नव्हे.

माझा भाचा टेक्सासला असतो. त्याला कौतुकानं फोटो पाठवले तर म्हणाला, “मावशी, इथं ज्यांना नेहमीचं घर परवडत नाही ते राहतात असल्या घरात.” तिकडे १९७६ पासून या कारखान्यात बनणाऱ्या घरांना केंद्र सरकारचे नियम आहेत, पण पुष्कळदा घर आपलं आणि खालची जमीन भाड्याची. भाडं वाढलं की हलवा म्हणायला घर मोबाइल. हलवण्याचा खर्च ऐकला की माणूस मुकाट्यानं वाढीव भाडं भरतो. एकदा टेकलेलं घर सहसा हलतच नाही. म्हटलं, माझं उलटं आहे रे. माझं अजून टेकलेलंच नाही.

तर मंगळवार. ट्रेलर डांबरी सोडून आत वळला आणि अर्ध्या किलोमीटरवर बांधापाशी थांबला. बांधावर एक गृहस्थ बसलेले. टोपी, हातात विळा, आवाज अतिशय शांत. “बाई, हा रस्ता न्हाई. ही आमची वहिवाट हाय, बैलगाडीपुरती.” मी पिवळं पाकीट काढलं. त्यांनी ते बघितलंसुद्धा नाही. मी म्हटलं, तहसीलदारांकडे जाईन, अडवलेल्या वाटेसाठी मामलेदार कोर्टाचा १९०६ चा कायदा आहे, कलम पाच. (हे मी आदल्या रात्री वाचलं होतं.) ते म्हणाले, “जावा की. समद्येच जात्यात.”

मग मी ट्रेलर तिथंच ठेवून चालत पुढं गेले. प्लॉट घेतल्यापासून पहिल्यांदा. नोटिशीत ‘मोकळा भूखंड’ लिहिलं होतं. मोकळ्या भूखंडावर पत्र्याची दोन खोल्यांची शेड होती, दारात तुळस, दोरीवर शाळेचे दोन युनिफॉर्म. आतून एक बाई आली, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल. तिला वाटलं मी जनगणनेची. मी कोण ते सांगितल्यावर ती काही बोलली नाही, आत जाऊन चहा टाकला. दिरानं टेम्पो घेतला होता, त्यासाठी हा प्लॉट तारण. करोनात टेम्पो उभा राहिला, हप्ते थकले, साठ दिवसांची नोटीस आली ती इंग्रजीत, कुणी वाचली नाही. टेम्पोही गेला. दीर सुरतेला. “तुमी घेतला व्हय,” ती म्हणाली. “कितीला?”

मी आकडा सांगितला नाही. गणिताच्या बाईला आकडा सांगता आला नाही.

यापुढचे सल्ले मला सुचत नाहीत. कसले सल्ले! स्वस्त का मिळतंय, हे विचारायला तोंड नव्हतं का मला? तुम्हाला आहे का? भाजीवाल्यानं मेथीची जुडी पाच रुपयांनी कमी सांगितली तर आपण ती उलटी करून मुळाशी सडलीय का बघतो. आणि आयुष्यभराची पुंजी घालताना गट नंबर नकाशावर शोधायचा कंटाळा. दोन तासांवर आहे हो मुरबाड! मी दर रविवारी घरात बसून कंटेनरच्या आतल्या पडद्यांचे रंग निवडत होते.

आणि त्या बँकेला काय म्हणू? तुम्हाला रस्ता नाही हे माहीत होतं, शेड आहे हे माहीत होतं, तुमच्याच माणसानं खांबाला कागद लावताना ती दोरीवरची पोरांची कपडी बघितली असणार. तरी छापलंत ‘मोकळा भूखंड’. एका घराला उठवायचं काम तुम्हाला करायचं नव्हतं, म्हणून ते माझ्या गळ्यात मारलंत, वर माझ्याकडून त्याचे पैसे घेतलेत. लाज नाही वाटत? जसं आहे तसं विकायचंय ना, मग जसं आहे तसं लिहा तरी.

काल काकांनी ग्रुपवर नवी नोटीस टाकलीय. शहापूर, सात गुंठे, ‘हॉट डील’. तासाभरात चौदा अंगठे. त्यात आमच्या यांचाही एक आहे, त्याचं घरात बघते. उरलेल्या तेरा जणांनो, तुमच्यापैकी एकानं तरी गट नंबर वाचलाय? शेवटची ओळ वाचलीय? कुंपणाच्या आत कुणाचं घर आहे, विचारलंय कुणी? अंगठे कसले दाखवता! कल्याणहून एसटी सुटते. तिकीट काढा, पुढं रिक्षा करा, बांधावर जो कुणी बसला असेल त्याला रस्ता विचारा. आणि पलीकडे जाऊन दोरीवर काय वाळत घातलंय ते बघून या. तोवर अनामत भरलीत तर माझ्याकडे रडत येऊ नका, मी दार उघडणार नाही.