ट्रॅक्टर ओढत नाही म्हणून डिझेलमध्ये पेट्रोल ओतू नका

‘ट्रॅक्टरची ओढ कमी झाली? मेकॅनिकला पैसे घालवू नका. 20 लिटर डिझेलला 2 लिटर पेट्रोल टाका, एअर क्लीनर काढून चालवा, इंजिनाच्या डिझेल पंपाचा स्क्रू फिरवा, थर्मोस्टॅट फेकून द्या.’ मोहोळ-पंढरपूरकडच्या ऊसवाहतुकीच्या ग्रुपवर फिरणारा हा मेसेज काल मामांनी मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘पेट्रोल आणू का?’ मामा, अजिबात आणू नका.

पेट्रोलचं आधी, कारण यात माणूस भाजेल. आयएस 1460 या भारतीय मानकाप्रमाणे डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेते तो, किमान 35 अंश लागतो. पेट्रोलचा शून्याखाली 40 अंशांच्या आसपास. थोडंसं पेट्रोल पडलं तरी सगळ्या टाकीचा फ्लॅश पॉइंट कोसळतो. नुसत्या पेट्रोलच्या टाकीत वाफ इतकी दाट असते की पेटायला हवाच कमी पडते. भेसळीच्या टाकीत मात्र वाफ आणि हवा नेमकी भडका उडेल अशा प्रमाणात जमू शकते. आणि तोंडात बिडी ठेवून टाकीत डिझेल ओतणारे ड्रायव्हर कुणी पाहिले नाहीत? एवढं करून ताकद तरी वाढते का? लिटरमागे पेट्रोलची उष्णता डिझेलपेक्षा कमीच. त्यात डिझेल इंजिनात ते उशिरा पेटतं, म्हणून इंजिन खडखडतं. त्याच मानकात डिझेलच्या वंगणगुणाचीही अट आहे, कारण पंपाचा प्लंजर (डिझेल दाबणारा दांडा) आणि नोझलची, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोटीची, सुई डिझेलच्याच तेलकटपणावर सरकतात. पेट्रोलने तो तेलकटपणा गेला की पंप आणि नोझल दोन्ही घासतात.

एअर क्लीनर चोंदला की ओढ कमी होते, काळा धूर येतो, एवढं मान्य. पण म्हणून तो काढायचा? उसाच्या फडातली, कच्च्या रस्त्यावरची धूळ थेट लायनरमध्ये (पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळीत) गेली की पिस्टनच्या रिंगा झिजतात, निळा धूर सुरू होतो, आणि मग गेलेली ताकद इंजिन खोलल्याशिवाय परत येत नाही. ऑइलबाथ, म्हणजे तळाच्या ऑइलमध्ये धूळ अडवणारा क्लीनर असेल तर वाटी काढा, तळाचा चिखल धुवा, खुणेपर्यंतच नवं ऑइल भरा.

पंपाच्या स्क्रूचं सील तोडून डिझेल वाढवलं तर हवेअभावी ते जळत नाही, धूर होऊन जातं.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत त्याचं पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. ‘सोलापूरच्या उन्हात थर्मोस्टॅट कशाला’ हेही चूक. इंजिनाला 80 अंशांच्या पुढचं तापमान लागतं; आपलं 43 अंशांचं ऊन त्याला थंडच. गार इंजिनात न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं.

ओढ कमी झाली तर आधी टाकीचं झाकण सैल करून चालवून बघा. फरक पडला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. नाही पडला तर गाळवाटीतलं (डिझेलमधला गाळ-पाणी साठतं त्या वाटीतलं) पाणी सोडा, डिझेल फिल्टर बदला आणि डिझेलच्या नळीतली हवा नीट काढा, बुडबुडे थांबेपर्यंत. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर त्याची पंपाला जोडलेली दांडी पूर्ण सरकते का, तेही पाहा. इंजिनाचा आवाज चढतोय पण ट्रॉली जागची हलत नाही, तर दोष इंजिनात नाहीच, क्लच प्लेट घसरतेय. तिला कुठलंही डिझेल उपयोगाचं नाही.