सायकलने लग्नाला जाणाऱ्या सज्जनास

मे महिन्यात, पुण्यात, दुपारी बारा वाजून बेचाळीस मिनिटांच्या मुहूर्ताला सायकलने जाण्याचा निर्धार आपण केला असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. हे एकेकाळी सायकलींचे शहर होते असे भाषणात सांगणारे पुष्कळ भेटतात. मात्र त्याचा पुरावा म्हणून स्वतःला मंगल कार्यालयाच्या दारात उभे करणारे फारसे उरलेले नाहीत. कोथरूडहून सदाशिव पेठ जेमतेम पाचेक किलोमीटर. शिवाय कर्वे रस्ता डेक्कनकडे उतरत जातो, हा आपल्याला आगाऊ मिळालेला आहेरच समजावा आणि परतीचा चढ जिलबी-मठ्ठ्यानंतर लागणार आहे, हा विचार तूर्त मनात आणू नये.

पायजमा पांढराशुभ्रच घालावा, म्हणजे उजव्या पोटरीवर उमटणारा चेनचा काळा दातेरी ठसा दुरूनही स्पष्ट दिसेल. भित्रे लोक त्यासाठी पायाला रबरबँड लावतात. तो लावण्याची आठवण निघताना हमखास होते, काढण्याची होत नाही. त्यामुळे एक पाय चुडीदार आणि एक पाय मोकळा अशा अवस्थेत आपण अक्षता टाकतो आणि नवरीची मावशी मंगलाष्टके संपेपर्यंत आपल्या पायांकडेच पाहत राहते. अधिक सावध माणूस इस्त्रीचा झब्बा पिशवीत घालून कॅरियरला बांधतो व पोचल्यावर बदलतो. सॅक पाठीवर घेण्यापेक्षा हे बरे, कारण सॅक पाठीवर स्वतःच्या मापाचा ओला नकाशा काढते, हे मी तीन लग्ने आणि एका मुंजीच्या अनुभवावरून सांगतो.

आता घामाविषयी. घाम मुळात निर्गंध असतो, वास येतो तो त्वचेवरच्या जिवाणूंच्या कर्तबगारीमुळे, हे शास्त्रीय सत्य शेजारच्या खुर्चीवरील पाहुण्यांना समजावून सांगावे. ते आपण होऊन दोन खुर्च्या पलीकडे सरकतील आणि आपल्याला वारा लागेल. खरी मेख अशी की, सायकल चालू असताना अंगावरचा घाम वाऱ्याने उडत राहतो आणि आपण कोरडे आहोत असा गोड गैरसमज टिकतो. सायकल थांबली की वारा थांबतो, शरीरातली उष्णता मात्र थांबत नाही. म्हणून कार्यालयाच्या दारात कोरडा उतरलेला मनुष्य पाचव्या मिनिटाला, नेमका यजमानांशी हस्तांदोलन करताना, निथळू लागतो. यावर उपाय म्हणजे सावकाश पायडल मारत वीस मिनिटे आधी पोचावे, जवळच्या झाडाखाली उभे राहावे, मानेवर आणि मनगटांवर गार पाणी घ्यावे आणि येणाऱ्याजाणाऱ्याने विचारल्यास कोणाची तरी वाट पाहत आहोत असे सांगावे. हेल्मेटने चप्प बसलेल्या केसांची काळजी करू नये. यजमान हौशी असतील तर फेटा बांधून मिळतोच.

दारावरचा रखवालदार आपल्याला अडवील. ‘सायकल इथं लावू नका, पाहुण्यांच्या गाड्या येणार आहेत,’ असे तो म्हणेल. मीही पाहुणाच आहे, हा वाद घालून पुन्हा घाम आणू नये. सायकल मागच्या अंगाला, आचाऱ्याच्या रिकाम्या पातेल्यांशेजारी निमूट लावावी आणि गुलाबपाणी उडवणाऱ्या मुलीसमोरून दोनदा जावे.

एवढे सारे साधले की आपण खरोखर टवटवीत दिसू लागता, आणि घात तिथेच होतो. गाडी लावायला जागा शोधत तीन गल्ल्या फिरून, मंगलाष्टके चुकवून, वातानुकूलित मोटारीतून घामाघूम उतरलेले काका आपल्याला विचारतात, ‘तुम्ही कशाने आलात हो? अगदी ताजेतवाने दिसता!’ सायकलने, असे खरे उत्तर देऊ नये. दिल्यास ते आवाज खाली आणून ‘डॉक्टरांनी सांगितलं का?’ असे विचारतील आणि पंगतीत आपल्या पानात जिलबी पडू देणार नाहीत. रिक्षाने आलो, असे ठामपणे सांगावे.

मग जेवण झाल्यावर काका प्रेमाने आपला दंड धरतात. ‘आता कुठे रिक्षा शोधत बसता उन्हाचे? मी कोथरूडलाच चाललोय.’ नाही म्हणायला तोंड उरलेले नसल्यामुळे मुकाट्याने मोटारीत बसावे, पट्टा लावावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पातेल्यांशेजारची सायकल आणायला रिक्षाने जावे.