चाराचे पाच

सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबणार आहे, आधीच सांगते.

भाचा नोकरीनिमित्त अमेरिकेत, साउथ कॅरोलायना राज्यात असतो. आज त्याने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला, राज्याच्या राजधानीतल्या, म्हणजे कोलंबियातल्या, विधानभवनाच्या आवारातला एक पुतळा. खाली लिहिलं, "आत्या, हा कोण गं?" माझं टाइप करून होईपर्यंत काकांनी गुगल केलं होतं. "सिनेटर स्ट्रॉम थरमंड. सलग 24 तास उभं राहून भाषण! मतं पटोत न पटोत, माणूस तत्त्वाचा पक्का." त्याला लगेच सहा अंगठे.

तत्त्वाचा पक्का. हे दोन शब्द ऐकले की मला आमच्या गावच्या घराची मागची पडवी दिसते आणि तिथल्या देवळीत उपडा घातलेला, कान तुटलेला कप.

आधी त्या भाषणाचं बोलू. 28 ऑगस्ट 1957 च्या रात्री थरमंडसाहेब अमेरिकेच्या सिनेटमध्ये उभे राहिले आणि 24 तास 18 मिनिटं बोलले. एवढी पाणीदार जीभ कशासाठी चालवली? काळ्यांच्या मतदानाच्या हक्काला संरक्षण देणारं विधेयक अडवायला, कारण बोलणं चालू आहे तोवर मतदान होत नाही. तेही आधीच भरपूर पातळ केलेलं विधेयक! मध्येच उठून जावं लागू नये म्हणून आधी वाफेच्या खोलीत बसून अंगातलं पाणी घालवलं होतं. बोलायचं काय, तर एकेका राज्याचे निवडणूक कायदे वाचून दाखवायचे. ते खाली बसले आणि दोनेक तासांत विधेयक मंजूर झालं. एकट्याने एवढा वेळ बोलायचा विक्रम मात्र 2025 पर्यंत त्यांच्याच नावावर राहिला. तो मोडला कोरी बुकर या काळ्या सिनेटरने. हे वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या पिटल्या होत्या.

1948 साली हाच माणूस वर्णभेद टिकवायच्या मुद्द्यावर राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला आणि दक्षिणेतली चार राज्यं जिंकला. 1954 मध्ये मतपत्रिकेवर नाव छापलेलं नसताना लोकांनी हाताने नाव लिहून त्याला सिनेटमध्ये पाठवलं. 1964 मध्ये डेमोक्रॅट सोडून रिपब्लिकन झाला आणि वयाची शंभरी उलटल्यावरच खुर्ची सोडली.

हो, दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीत ग्लायडरमधून उतरून लढला होता. पुढे काळा कर्मचारी नेमला, काळ्यांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाने सुट्टी देण्याच्या बाजूने मतही दिलं. दिलं. मतदारयादीत काळ्यांची नावं आल्यावर दिलं.

आता काकांच्या गुगलने जे वर दाखवलं नाही ते सांगते. 1925 साली बावीस वर्षांच्या थरमंडला एक मुलगी झाली. आई कॅरी बटलर, त्याच्या आईवडिलांच्या घरात काम करणारी, सोळा वर्षांची, काळी. मुलगी, एसी मे, पेनसिल्व्हेनियात मावशीकडे वाढली. 1941 मध्ये आईने तिला एजफील्डला, बापाच्या गावी, त्याच्या वकिलीच्या ऑफिसात नेऊन उभं केलं. पुढे तो पैसे देत राहिला, तिच्या काळ्यांच्या कॉलेजात जाऊन भेटलासुद्धा. गव्हर्नर असताना! बाहेर भाषण काय, तर काळे-गोरे एकत्र नकोत. आणि खिशात तिच्यासाठी नोटांचं पाकीट.

पाकीट. आमच्याकडेही पाकीट होतं.

भाऊबीजेला ती यायची. घरात तिला "खालच्या आळीची" म्हणत, बाकी काही नाही. मागच्या दाराने येऊन पडवीच्या पायरीवर बसायची. आजी तिला लुगडं द्यायची. आजोबा माझ्या हातात पाकीट ठेवून म्हणायचे, "जा, देऊन ये." चहा त्या कान तुटलेल्या कपातून, आणि पिऊन झाला की तिनेच तो विसळून देवळीत उपडा घालायचा. मी आठ वर्षांची होते, पण डोळे फुटले नव्हते. आजोबांचं बाकदार नाक तिच्या चेहऱ्यावर जसंच्या तसं होतं.

हेच आजोबा गावची विहीर सगळ्यांना खुली करू नये म्हणून पंचायतीत तासभर बोलले होते. तेही तत्त्वाचे पक्केच होते म्हणतात.

आणि काका, तुम्ही त्या वेळी आत पाटावर बसला होतात. बाबांच्या शेजारी. ओवाळून घेत. मधे एक भिंत फक्त.

रागावू नका. नाही, रागवा. पन्नास वर्षांत कुणीच रागावलं नाही, तिथेच सगळं बिघडलंय.

थोडा वेळ उठून गेले होते, चहा करून आले. खरं सांगू का, मला थरमंडपेक्षा एसी मेचंच जास्त कोडं पडतं. बाप 2003 च्या जूनमध्ये गेला. ती त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बोलली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. आयुष्यभर शिक्षिका म्हणून काम केलं, मुलं वाढवली, नातवंडं पाहिली, आणि एका शब्दात ज्याची कारकीर्द संपली असती त्याला सांभाळून घेतलं. काकांना कुणाचा पक्केपणा मोजायचाच असेल तर हिचा मोजा. मला तिचा रागही येतो. का गप्प बसलीस बाई? पण मी तरी काय केलं? पाकीट नेऊन दिलं आणि धावत आत आले, करंज्या संपतील म्हणून.

भाच्याला म्हटलं, चबुतऱ्याजवळ जाऊन मुलांच्या नावांचा फोटो काढ. तासाभराने आला. तिथे आधी "चार मुलांचा पिता" असं कोरलेलं होतं. 2004 मध्ये चाराचे पाच केले आणि खाली एसी मेचं नाव घातलं. दगडावरची दुरुस्ती आहे ती, लपत नाही. बोटाने झूम करून कितीतरी वेळ बघत बसले.

आमच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघतेय, त्याचा फॉर्म गेला महिनाभर टेबलावर पडलाय. आजोबांच्या नावापुढे अपत्ये : तीन. मघाशी पेन घेऊन तीनावर काट मारली आणि चार लिहिलं. पुढच्या रकान्यात नाव हवं होतं.

काका, ग्रुपवर नको तर मला एकटीला कळवा. भाचा मला दिवसातून दहा वेळा आत्या म्हणतो. माझ्या आत्याचं नाव काय होतं?