वळावर ओठ नको, गरम चहा द्या

आमच्या कॉलेजचा वार्षिक अंक आला. माझी कथा आहे त्यात, पान 41. म्हणजे नाव माझं आहे, कथा कोणाची ते पुढे कळेलच. तर या अनुभवाच्या जोरावर, कॉलेज करता करता लिहू बघणाऱ्या लेकरांना चार फुकटचे सल्ले देते.

लिहायला वेळ कधी काढायचा? काढूच नका. इंटर्नल, जर्नल, सबमिशन, सेमिस्टर, परत इंटर्नल, यातून जो वेळ उरतो त्याला झोप म्हणतात. अगदीच खाज असेल तर केमिस्ट्रीच्या जर्नलच्या मागच्या पानांवर लिहा, मी तशीच लिहिली, फक्त सर्टिफाय करायला देताना ती पानं फाडायला विसरू नका.

मी विसरले.

तुम्ही एकांकिकेत असाल तर वरचं काही लागू नाही. पुरुषोत्तमच्या तालमीला महिनाभर लेक्चरं बुडवली तरी हजेरी लागते, करंडक आला तर गेटवर फ्लेक्स. कथेचा फ्लेक्स लागत नाही, त्यामुळे कथा लिहिणाऱ्याला "आधी अभ्यासाचं बघ".

आता मुख्य विषय. कथेत नवरा-बायको जवळ आले तर काय करायचं? चहा द्यायचा.

सांगते. माझ्या कथेत एक एसटी कंडक्टर आहे. मुक्कामी गाडीवरून सकाळी घरी येतो, शर्ट काढतो, खांद्यावर बॅगेच्या पट्ट्याचा वळ उठलेला. बायको, लग्नाची हां, सात वर्षं झालीत, पोरगी आहे, दारात तुळस आहे, सगळं आहे, ती त्या वळावर ओठ टेकवते. त्याचे डोळे भरून येतात. एवढंच. हे ओठांचं एक वाक्य मी सहा वेळा लिहिलं. टायट्रेशन केलंय ना कधी? ब्युरेटमधून थेंब थेंब सोडायचं, फ्लास्कमध्ये जेमतेम गुलाबी दिसलं की थांबायचं, एक थेंब जास्त पडला की सगळं भडक, रीडिंग गेलं, चला परत पहिल्यापासून. पाचव्यांदा भडकच झालं होतं, माझं मलाच वाचवेना. सहाव्यांदा फिकं गुलाबी आलं आणि रात्री दीड वाजता मी एकटीच हसले.

अंक बघणाऱ्या सरांनी त्याखाली लाल पेनाने लिहिलं, "अनावश्यक". छापून आलं, "तिने त्या वळाकडे पाहिले आणि त्याला गरम चहा दिला. त्याचे डोळे भरून आले." मावशीचा फोन, छान लिहिलंयस गं, पण तो चहा पिऊन रडला कशाला, जीभ भाजली का?

पात्रांना मूल हवं असेल तर दत्तक घ्यायला लावा.

सर म्हणाले, अश्लीलतेचा कायदा असतो. असतो ना सर. 292 कलम होतं, जुलै 2024 पासून नव्या संहितेत 294 झालंय. कादंबरीकार चंद्रकांत काकोडकरांवर दिवाळी अंकातल्या कादंबरीवरून खटला झाला, 1969 ला सुप्रीम कोर्टाने सोडलं त्यांना. कोर्टाने कादंबरी तरी वाचली, तुम्हाला माझी चार पानं वाचवली नाहीत? आणि एमएच्या मुली सांगतात, हेच सर वर्गात गाथासप्तशती शिकवताना डोळे मिटून "अहाहा, मराठी मातीतला शृंगार" म्हणतात. 700 गाथा. कुणी कुणाला चहा देत नाही त्यात.

वडिलांचा फोन नंबर फॉर्मवर चुकीचा लिहा. हा सगळ्यात कामाचा सल्ला. कारण एवढं करून सरांनी बाबांना फोन लावला, ते दुकानात, समोर गिऱ्हाईक, आणि हे सांगतायत, मुलीवर लक्ष ठेवा, अभ्यासातून मन उडालंय, काय काय लिहिते. मी वीस वर्षांची आहे. मतदान केलंय मी. बाबा रात्री काही बोलले नाहीत, नुसतं विचारलं, "जर्नल पूर्ण झालं का?" ते जास्त लागलं.

आणि आता पान 33 उघडा. पहिल्या बक्षिसाची कथा. नवरा बायकोला कमरेच्या पट्ट्याने मारतो, वळ मोजलेत, अकरा, कुठे कुठे उठले तेही लिहिलंय. खाली चौकटीत "दाहक वास्तव" म्हणून कौतुक. त्या अकरांतल्या एकावरही लाल पेन फिरलं नाही.

सर, पट्ट्याने मारलेलं चालतं तुम्हाला आणि पट्ट्याच्या वळावर बायकोने ओठ टेकवलेले चालत नाहीत? काय शिकवताय आम्हाला? अभ्यासाची काळजी होती तर मला बोलवायचं होतं, दोन तास बसून भांडले असते, पटलं असतं तर वाक्य मीच काढलं असतं. न विचारता बदललंत, वर माझं नाव ठेवलंत, वर घरी चहाडी केलीत. भित्रेपणा आहे हा, संस्कार-बिंस्कार काही नाही.

लायब्ररीत अंकाच्या तीन प्रती आहेत. काल प्रॅक्टिकल सुटल्यावर जाऊन तिन्हींत चहा खोडून माझं वाक्य लिहून आलेय. पान 41, खालून चौथी ओळ. पेन लालच होतं.