शोचं झाड

मुंबईच्या नर्सरीत झाडांच्या दोनच जाती: फुलांची आणि शोची. शोच्या झाडाला नाव विचारायचं नसतं. मी विचारलं.

"भैया, इसका नाम?"

"इंपोर्टेड है."

ऊन किती लागतं? "थोडा धूप, थोडा छाँव." पाणी? "जरूरत के हिसाब से." या माणसाला कुणीतरी विधानसभेचं तिकीट द्या.

बेनाव झाड ग्रिलमध्ये स्थानापन्न झालं. वीतभर पानं, कडेने गडद हिरवी, मधोमध पिवळट पांढरे डाग, शिरेवर गुलाबी झाक. शेजारच्या काकूंनी दारातूनच निकाल दिला, "क्रोटन गं! अलिबागला आमच्या कुंपणाला होते." तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या मते ही डिफेनबेकिया. तिच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, चावलं तर जीभ सुजते आणि बोलणंच बंद होतं. (ही माहिती मी सोसायटीच्या वार्षिक सभेसाठी जपून ठेवली आहे.) भाचीने मोबाईलवरचं ॲप चालवलं. ते आधी क्रोटन म्हणालं, मग कोलियस, आणि शेवटी ठाम आत्मविश्वासाने 'कबुतर'. ग्रिलवर कबुतर होतंच, त्यामुळे ॲपला अगदीच नापास करता येईना.

मग मावशीचा फोन. "मरांटा असेल. रात्री पानं उभी राहतात, बघ." मरांटाच्या देठाला वर एक फुगीर सांधा असतो, त्यामुळे पानं खरंच उठतात. मी मध्यरात्रीपर्यंत टॉर्च घेऊन बसले. पानं ढिम्म. समोरच्या इमारतीतले दिवे मात्र एकेक करून लागले.

अखेर बी विंगमधल्या बाईंना बोलावलं. बाई निवृत्त वनस्पतिशास्त्रवाल्या. भायखळ्याच्या राणीच्या बागेत झाडांच्या पाट्या हाताने झाकून मुलांना नावं विचारणाऱ्या.

"डाग काय बघतेस? डाग कुणालाही पडतात. तिथल्या पेशींत हरितद्रव्य नसतं, एवढंच. पानं फांदीला कशी लागलीत ते बघ."

बघितलं. दोन पानं समोरासमोर, त्यावरची जोडी काटकोनात, त्यावरची पुन्हा पहिलीसारखी.

"क्रोटनची एकाआड एक असतात. डिफेनबेकियाचा देठ खोडाला कवेत घेतो. हे आपल्या अडुळशाच्या, अबोलीच्या घराण्यातलं. ग्रॅप्टोफायलम पिक्टम. मूळचं न्यू गिनीकडचं." म्हणजे भैया अगदीच खोटं बोलला नव्हता. "कमी उजेडात रंग उतरेल. आणि एखादी फांदी नुसती हिरवी फुटली तर लगेच छाट, तीच जोमाने वाढते आणि बाकीच्यांना झाकून टाकते." जाता जाता बाई म्हणाल्या, "इंग्रजीत याला व्यंगचित्राचं झाड म्हणतात. डागांत चेहरे दिसतात म्हणून."

हे वाक्य काकूंसमोर बोलायला नको होतं. त्यांनी चष्मा लावून एकेक पान तपासायला घेतलं. एकात भाऊजी सापडले, टकलासकट. एकात आमचे सेक्रेटरी. मग खालच्या एका पानाशी त्या थबकल्या. बाकदार नाक, पुढे आलेली हनुवटी, आवळलेले ओठ.

"सासूबाई," काकू पुटपुटल्या आणि नकळत पदर सावरला.

या झाडाच्या फांद्या सहज रुजतात असं कळल्यावर त्यांनी लगेच कलम मागितलं. "पण वरची फांदी दे हं," त्या म्हणाल्या, "ती खालची नको."