'व्याकरण सोडा, नुसतं बोला' म्हणणाऱ्यांना

दहावीचा निकाल लागला की आमच्या बेळगाव-खानापूर भागातल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर थोड्याफार फरकानं तोच. लहान मूल व्याकरण न शिकताच बोलतं, मग इंग्रजी व्याकरणाचा सराव कशाला? नुसत्या गाळलेल्या जागा भरून बोलणं येत नाही. इंग्रजी शब्दांना नियम नसतात, ते पाठच करावे लागतात. आणि मराठी-कन्नडच्या ओढाताणीत आपल्या मुलांचं इंग्रजी कच्चं राहतं. मी मराठी माध्यमातल्या मुलांना संध्याकाळी इंग्रजी शिकवते. हा मेसेज वाचून एका आईनं मुलीची सरावाची वहीच बंद केली, म्हणून लिहायला बसले.

मूल नियम शिकत नाही, हे मुळात खरं नाही. घरात तीनेक वर्षांचं पोर असेल तर कान देऊन ऐका. 'मी करलं' म्हणतं. घरात तर सगळे 'केलं'च म्हणतात! 'बसलं', 'धरलं' ऐकून त्यानं स्वतः नियम काढला आणि 'कर'ला लावला. १९५८ साली मुलांच्या भाषेच्या अभ्यासक जीन बर्को यांनी इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून 'हा वग' असं सांगितलं, मग तसे दोन दाखवले. मुलांनी 'वग्ज' म्हटलं. कधीच न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन. पण त्या मुलांच्या कानावर दिवसभर इंग्रजी पडत होतं. आमच्या खेड्यातल्या मुलांच्या कानावर ते तासापुरतं पडतं, तेही बरंचसं पुस्तकातून वाचलेलं. त्या मुलांना आपसूक सापडलेलं इथं दाखवून, घोटून घ्यावं लागतं.

आता 'शब्दांना नियम नसतात' हे. त्या वहीतलंच सांगते. मुलीनं लिहिलं होतं, 'अनपॉसिबल'. मी फळ्यावर इनकरेक्ट, इम्पॉसिबल, इल्लीगल, इर्रेग्युलर असे चार शब्द लिहिले. मग शेजारी 'चंदन' आणि 'चंपा' लिहून दोन्ही मोठ्यानं म्हणायला लावले. अनुस्वार एकच, पण 'चंदन'मध्ये न् आणि 'चंपा'त म्, कारण 'प'साठी ओठ मिटतात. ती थांबली, पुन्हा ओठ मिटून बघितले आणि म्हणाली, "टीचर, इम्पॉसिबल पण चंपासारखंच की!" अगदी तसंच. आणि उत् + लेख = उल्लेख झालं, तसं 'लीगल'च्या आधी लागणारं, 'नाही' सांगणारं 'इन' 'इल्' झालं. संधी आठवीत शिकलेल्या मुलीला हे चार शब्द पाठ करावे लागले नाहीत. डिसाइड–डिसिजन, डिव्हाइड–डिव्हिजन, एक्सप्लोड–एक्सप्लोजन ही ओळही अशीच एकदा दिसली की 'माय डिसाइड इज फायनल' लिहिणारा हात थांबतो.

अपवाद आहेत. 'अनहॅपी' म्हणायचं, 'इनहॅपी' नाही. पण आपणही 'नापसंत' म्हणतो, 'बेपसंत' नाही, आणि 'गैरहजर'च्या जागी 'नाहजर' म्हणत नाही. अपवाद असले म्हणून नियम नाहीत असं कुणी मराठीबद्दल म्हणेल का?

दोन भाषांची ओढाताण म्हणाल, तर मला उलटंच दिसतं. मराठीत कामाचा कामगार होतो, कन्नडमध्ये 'बरह' म्हणजे लेखन आणि 'बरहगार' म्हणजे लेखक. बाजारात दोन्ही भाषा ऐकत वाढलेल्या पोराला शेपूट लावून माणूस तयार होतो हे 'राइट–रायटर'च्या आधीच ठाऊक असतं. खरी अडचण वेगळी आहे. मराठी आणि कन्नड दोन्हींत क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीतल्या 'अ' आणि 'द'सारखे शब्द दोन्हींत नाहीत. म्हणून सराव हवा तो तिथं हवा.

मेसेजमधलं एक मात्र मला पटतं. नुसत्या गाळलेल्या जागा भरून बोलणं येत नाही. 'टीच–टीचर' शिकलेली मुलं 'माय मदर इज अ गुड कुकर' लिहितात, आणि आईचा प्रेशर कुकर होतो. म्हणून माझ्याकडं प्रत्येक नवा शब्द तीन वाक्यांत, मोठ्यानं म्हणायचा असतो.

त्या आईला मी वही पुन्हा उघडायला सांगितली आहे. पुढच्या पानावर लाँग–लेंग्थ, स्ट्राँग–स्ट्रेंग्थ आहे. 'वाइड'चं काय होतं ते मुलीनं स्वतः शोधायचं आहे.