‘वेगळा कूलर लावा, नाहीतर मे महिन्यात प्रोसेसर जळेल’ हे खरं नाही

मार्च संपत आला की आमच्या हिंगणघाटकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. त्यात म्हटलेलं असतं की विदर्भात पारा ४८ वर जातो, नागपुरात तर ५६ झाला होता. प्रोसेसरसोबत, म्हणजे पीसीच्या मुख्य चिपसोबत, डब्यात येणारा छोटा पंखा थंड देशांसाठी बनवलेला असतो, तो इथं पुरत नाही आणि प्रोसेसर जळतो. म्हणून वेगळा कूलर घ्या, शक्यतो पाण्याचा, त्यानं स्पीडही वाढते. आणि पीसी सुरू असताना खोलीतला कूलर बंद ठेवा, ओल धरते.

मी गावात पीसी दुरुस्त करतो. यंदा हा मेसेज दाखवून तिघांनी विचारलं, “घेऊ का जी?” त्यातले एक दादा सातबारा आणि पीकविम्याचे फॉर्म भरून देण्याचं केंद्र चालवतात. ते सहा हजार रुपये घालायला निघाले होते. त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्यांसाठी हे सगळं लिहून काढतोय.

आधी ते ५६ अंश. मे २०२४ च्या शेवटी नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्रानं तो आकडा दाखवला होता हे खरं. पण सेन्सर बिघडला होता, असं हवामान खात्यानंच नंतर सांगितलं. मे २०१३ मध्ये नागपुरात ४७.९ नोंदले गेले, तेवढंही आपल्याला पुष्कळ आहे. मात्र पीसीला बाहेरच्या पाऱ्याशी देणंघेणं नसतं. त्याला लागते ती तो ठेवलेल्या खोलीतली हवा. स्लॅबची खोली आणि टिनाची खोली यांत फार फरक पडतो.

प्रोसेसर जळतो, ही भीती मात्र हवेतून आलेली नाही. २००१ मध्ये ‘टॉम्स हार्डवेअर’ या वेबसाइटनं चालू संगणकाच्या प्रोसेसरवरचा हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा पात्यांचा धातूचा ठोकळा, काढून दाखवला होता. त्यात एएमडी कंपनीच्या अॅथलॉन प्रोसेसरमधून धूर निघाला आणि इंटेलचा पेंटियम ४ नुसता हळू झाला. तो काळ गेला. आज प्रत्येक प्रोसेसर स्वतःचं तापमान स्वतः मोजतो. इंटेलच्या कोअर आय३-१२१०० ची मर्यादा १०० अंश आहे, एएमडीच्या रायझन ५ ५६०० ची ९०. मर्यादा जवळ आली की तो आपला वेग कमी करतो, आणि तरीही तापत राहिला तर पीसी बंद करतो. काम खोळंबतं, माणूस वैतागतो, हे मी रोज पाहतो. पण बंद पडणं म्हणजे जळणं नव्हे.

डब्यातला पंखा इथं पुरत नाही का? साधा हिशेब करू. कोणताही कूलर चिपला हवेपेक्षा थंड करू शकत नाही. चिप हवेपेक्षा किती वर राहील, एवढंच त्याच्या हाती असतं. समजा हिवाळ्यात खोली २८ अंश असताना जोराच्या कामात चिप ६८ ला जाते. फरक ४० चा. मे महिन्यात खोली ४२ झाली तर तेच काम करताना चिप साधारण ८२ वर जाईल. आय३ ला अजून १८ अंश शिल्लक आहेत. शिवाय फॉर्म भरणं आणि प्रिंट काढणं हे जोराचं काम नाही. रायझन ५६०० वाल्यांना मात्र मी इतक्या ठामपणे सांगणार नाही. त्याची मर्यादाच कमी, त्यात टिनाची खोली आणि सलग जड काम असेल तर तो छोटा पंखा अपुरा पडू शकतो.

पाण्याच्या कूलरबद्दल सगळ्यात मोठा घोळ आहे, आणि तो आपल्याकडेच होणार, कारण कूलर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वाळ्याच्या ताट्या येतात. ताटीवरचं पाणी वाफ होऊन उडतं, जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं, म्हणून झोत बाहेरच्या हवेपेक्षा गार लागतो. प्रोसेसरच्या कूलरमधलं पाणी बंद नळीत असतं, ते उडत नाही. ते चिपची उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत नेतं आणि तिथले पंखे खोलीचीच हवा त्यावर मारतात. हवा ४३ अंश असेल तर ते पाणी ४३ च्या खाली येणं शक्यच नाही. वर पंप हा बिघडणारा आणखी एक भाग वाढतो. फार वीज खाणाऱ्या प्रोसेसरला तो शोभतो. फॉर्म भरणाऱ्या आय३ ला तो लावणं म्हणजे पैसे पाण्यात.

खोलीतला कूलर बंद ठेवा, हा सल्ला तर सरळ नुकसान करणारा आहे. ताट्यांच्या कूलरनं खोली ४३ वरून ३२ वर आली तर चिपचे ११ अंश आपोआप उतरतात. नुसत्या चिपचे नाही, पॉवर सप्लाय, मदरबोर्ड, हार्ड डिस्क या सगळ्यांचे. प्रोसेसरवरचा महागडा कूलर फक्त चिपला बघतो. ओल म्हणाल तर दव धरतं ते हवेपेक्षा गार पृष्ठभागावर, आणि चालू पीसी हवेपेक्षा गरमच असतो. कॅबिनेट झोताच्या थेट समोर ठेवू नका, तुषार उडू देऊ नका आणि खिडकी उघडी ठेवा.

स्पीडचं थोडक्यात. आय३-१२१०० चा कमाल वेग ४.३ गिगाहर्ट्झ कंपनीनंच बांधून दिलाय. गरमीनं तो कमी होत असेल तरच चांगला कूलर तो परत मिळवून देईल. होत नसेल तर एक कणही वाढ नाही.

मेसेजमध्ये एक शब्द कुठंच नाही, आणि तो शब्द आहे कापूस. जिनिंगचा हंगाम संपेपर्यंत रुईचे तंतू हवेत असतात, सोयाबीनच्या मळणीचं कुटार आधीच येऊन बसलेलं असतं. हे सगळं पंखा आणि हीटसिंकच्या पात्या यांच्यामध्ये नमद्यासारखं जमतं. मागच्या मे महिन्यात एक पीसी आला, दर अर्ध्या तासानं बंद पडायचा, तापमान थेट १०० ला भिडलेलं. पंखा काढला तर खाली रुईची गादी, आणि हीटसिंक धरून ठेवणाऱ्या चार पिनांपैकी एक वर उचललेली, म्हणजे हीटसिंक एका कोपऱ्यात टेकतच नव्हता. ब्रशनं साफ केलं, चिप आणि हीटसिंक यांच्यामधली जुनी पेस्ट पुसून नवी लावली, पिना नीट दाबल्या. त्याच कामात ७४ वर आला. खर्च झाला तो पेस्टच्या ट्यूबचा.

मग कूलर कोणी घ्यावा? विचारणाऱ्या तिघांत एक पोरगा लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. त्याच्याकडे आय५-१२४०० आहे, रात्रभर रेंडर, म्हणजे व्हिडिओची अंतिम फाइल बनवणं, चालतो. त्याला मी आधी साफसफाई करायला लावली. मग एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर सुरू ठेवून दुपारी दोनला वीस मिनिटं रेंडर चालवायला सांगितलं. त्यात थर्मल थ्रॉटलिंगसमोर ‘येस’ आलं, म्हणजे गरमीनं चिप वेग कमी करत होती. कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढून पुन्हा तेच केलं. पत्रा काढल्यावर तापमान धाडकन उतरलं असतं तर दोष कॅबिनेटच्या हवेचा ठरला असता, तेव्हा पुढून एक पंखा लावून भागलं असतं. इथं दोन-तीनच अंश उतरले. मग त्याला १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर, म्हणजे उंच हीटसिंकचा कूलर, घ्यायला सांगितलं, दीड-दोन हजारांतला. घेताना दोन गोष्टी बघितल्या. त्याची उंची कॅबिनेटमध्ये मावते का, आणि सोबत एलजीए १७०० ची, म्हणजे त्याच्या प्रोसेसरच्या सॉकेटला बसणारी, पट्टी आहे का. आधीच्या सॉकेटला छिद्रांमधलं अंतर ७५ मिमी होतं, याला ७८ आहे, त्यामुळे जुनी पट्टी बसत नाही. आता त्याचा रेंडर न अडखळता चालतो, आणि आवाज इतका कमी झालाय की त्याची आई त्याच खोलीत झोपू शकते. आवाजासाठी कोणी कूलर घेत असेल तर तेही कारण मला पटतं.

केंद्रवाल्या दादांच्या पीसीत थ्रॉटलिंग नव्हतंच, भर दुपारी फॉर्म भरताना चिप ६१ वर होती. त्यांनी सहा हजार ठेवून दिले, खोलीच्या कूलरला नव्या ताट्या लावल्या आणि कॅबिनेट जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवलं.